जागच्या जागी

बाबांनी पिशवी ताणकाट्याच्या हुकाला अडकवली, काटा डोक्याच्या वर उचलून धरला आणि नातीला म्हणाले,

“वाच.”

“नऊ किलो तीनशे.”

“तीनशे जास्त. ओता सगळं.”

आणि पिशवी बाहेरच्या खोलीत फरशीवर रिकामी झाली. पाण्याच्या चार बाटल्या, बिस्किटांचे पुडे, भाजलेले दाणे, बाबांच्या रक्तदाबाच्या सात दिवसांच्या गोळ्या, कात्री, जखमेवरच्या पट्ट्या, दोरी, शिट्टी, काड्यापेटी, विजेरी आणि तिच्यापासून वेगळे गुंडाळलेले सेल, प्रत्येकाचा कपड्यांचा एकेक जोड, घराच्या कागदांच्या नकला आणि एक छोटी वही. वहीत सगळ्यांचे फोन नंबर हातानं लिहिलेले होते, कारण बाबांचं म्हणणं असं की फोन बंद पडला की माणसाला स्वतःच्या बायकोचा नंबरही आठवत नाही. शिवाय चौघांचे जादा चष्मे. ते नातीच्या आईनंच करून दिलेले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम ती करायची, आणि या पिशवीच्या कारभारात तिचा मनापासूनचा वाटा काय तो एवढाच.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी हा उद्योग चाले. पाणी बदलायचं, गोळ्यांवरच्या तारखा बघायच्या, नातीचे, म्हणजे भिंगरीचे, कपडे एका मापानं वाढवायचे. प्रत्येकाला आपल्या आवडीची एक वस्तू पिशवीत ठेवायची मुभा होती, पावशेराच्या आत. भिंगरीच्या बापानं पत्त्यांचा जोड ठेवला होता. भिंगरी अकरा वर्षांची. तिची वस्तू दर खेपेला बदलायची, आणि या खेपेला ती चक्क एक गुळगुळीत दगड घेऊन आली.

“दगड कशाला गं? जाऊ तिथे दगड मिळतील की,” तिचा बाप म्हणाला. तो शाळेची बस चालवायचा आणि रविवारी दाढी करत नसे.

“हा नाही मिळणार.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “राहू दे. बिस्किटांचा एक पुडा काढा.”

बाबा निवृत्त मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला. त्यांचं घर डोंगराच्या उतारावर, एकोणीस घरांच्या आळीत बरोबर मधोमध. दोन वर्षांपूर्वी आळीच्या पाठीमागे, शेवटच्या घराच्या वर, त्यांना जमिनीत एक भेग दिसली. बोटभर रुंद, पण लांबलचक. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोकली, आणि तेव्हापासून दर रविवारी ते पोलादी फीत घेऊन वर जायचे. डोळे अधू झाले होते, मोतीबिंदू पिकायची वाट बघत होते, म्हणून आकडा वाचायला भिंगरीला न्यायचे. अंतर दोन मीटर चाळीस सेंटिमीटर आणि वर तीन मिलिमीटर. दोन वर्षं तेच. आळीनं त्यांचं नाव ‘डोंगराचे डॉक्टर’ ठेवलं होतं. येताजाता कुणीतरी विचारायचंच, “काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?” बाबाही हसून म्हणायचे, “नाडी लागत नाहीये.”

“बाबा,” भिंगरीची आई दाण्यांच्या डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाली, “दोन वर्षांत केसभर हललेलं नाही. तुम्हीच मोजताय. मग हे किती दिवस चालवायचं?”

“तेच तर मला कळत नाही. भेग आहे आणि ती वाढत नाही. मग ती पडली कशाला?”

तिनं बिस्किटांचा पुडा उचलला आणि फडताळात ठेवला, जरा आपटूनच.

तेवढ्यात सुतार आला. स्वयंपाकघराचं दार पंधरा दिवसांपासून लागत नव्हतं, त्यासाठी त्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, आडवं टाकलं आणि रंधा मारता मारता गप्पांना सुरुवात केली. हा सुतार बोलायला लागला की त्याचे हात जास्त जोरात चालत, असा त्याचा लौकिक होता.

“या महिन्यातलं हे बारावं दार तुमच्या आळीतलं. आणि गंमत सांगू? सगळी एकाच अंगाला घासतात. दार पूर्वेला असो की पश्चिमेला, घासतं ते उताराच्या बाजूलाच. मी म्हटलं, यांना सगळ्यांना एकाच ओल्या झाडाचं लाकूड दिलं की काय कुणी.”

बाबा गोळ्यांची पाकिटं मोजत होते. ते थांबले.

“पुन्हा सांग.”

सुतारानं पुन्हा सांगितलं.

“बारा घरं कुठली?”

सुतारानं बोटांवर मोजली. वरच्या टोकाला राहणाऱ्या शिंप्यापासून थेट नाक्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत.

“आणि नाक्याच्या पलीकडची?”

“तिकडून नाही कुणी बोलावलं.”

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“पोरी, यंत्र काढ.”

यंत्र म्हणजे कोन मोजायची जुनी दुर्बीण, तिवईसकट. कचेरीनं मोडीत काढली तेव्हा बाबांनी मागून आणली होती. माळ्यावर पेटीत असायची. भिंगरीची आई पेटी घेऊन जिना चढली तेव्हा बाबा गच्चीच्या कोपऱ्यात वाकून पायानं धूळ सारत होते. सिमेंटमध्ये पितळेचा एक खिळा बसवलेला होता. इतकी वर्षं त्याच गच्चीवर कपडे वाळत घालून तो तिला कधी दिसला नव्हता.

“घर बांधून झालं त्या दिवशी मारला होता. या खिळ्यावर यंत्र लावून घंटाघराच्या सळईपासून नदीपलीकडच्या चिमणीपर्यंतचा कोन मोजला, वहीत लिहिला. काही कारण नव्हतं. हाताची सवय.”

एकतीस वर्षांपूर्वीची ती वही त्यांनी तिच्या हातात दिली. शाई तपकिरी झाली होती, पण आकडे टपोरे होते.

त्यांनी यंत्र खिळ्यावर उभं केलं. ते काम त्यांना डोळे मिटूनही जमलं असतं. वाचायची पाळी आली तेव्हा ते बाजूला झाले. काचेतल्या केसाएवढ्या रेघा वाचणं हा तिचा रोजचा धंदा; ती वाकली, भिंग पुसलं आणि वाचलं. बाबांनी लिहून घेतलं. मग यंत्र फिरवून पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तोच आकडा आला, आणि तो वहीतला आकडा नव्हता.

बाबा पाण्याच्या टाकीला टेकून बसले आणि मांडीवर वही ठेवून गणित करू लागले. बराच वेळ लागला.

“पंच्याऐंशी सेंटिमीटर,” ते म्हणाले.

“काय पंच्याऐंशी?”

“आपण. नदीच्या बाजूला.”

तिला आधी वाक्यच कळलं नाही. मग तिनं गच्चीवरून खाली पाहिलं. शेजारच्या अंगणात सायकल भिंतीला टेकवलेली होती. समोरची पोरगी केस वाळवत पायरीवर बसली होती. टाक्या, खांब, कुंपणं, लिंबाचं झाड, सगळं जिथल्या तिथे. आणि हे सगळंच्या सगळं तिच्यासकट चाललं होतं. ती झोपली होती तेव्हा, भिंगरीला शाळेसाठी उठवत होती तेव्हा, चुलीवर दूध ठेवून उतू जाऊ नये म्हणून उभी होती तेव्हासुद्धा. इतकं सावकाश आणि इतकं एकत्र, की एका घरातली भिंत दुसऱ्या घरातल्या भिंतीला काही बोलली नाही. नाक्यावरची पाण्याची मोठी नळी वर्षात चारदा फुटली होती, तिथला रस्ता दरवर्षी खचत होता, आणि सगळ्यांनी कंत्राटदाराच्या नावानं बोटं मोडली होती.

“आणि खुंट्या?”

“दोन्ही याच तुकड्यावर आहेत गं. खरी कड आणखी वर असणार, झाडीत. मी नावेत बसून नावेच्याच दोन फळ्यांमधलं अंतर मोजत होतो, आणि म्हणत होतो, नाव हलत नाही.” त्यांच्या आवाजात खंत नव्हती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोंगराकडे मान वर करून बघत होते, लहान मूल हत्तीकडे बघतं तसे. “एवढं मोठं असेल असं मला वाटलंच नाही.”

“मग आता?”

“एकदा मोजून इतकंच कळतं की सरकलंय. कधी आणि किती वेगानं, ते कळायला दोनदा मोजावं लागतं. दोन तासांनी पुन्हा वाच.”

ते दोन तास घरात कुणालाच बसवेना. बाबांनी कचेरीत फोन केला. उचलणाऱ्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं, रविवार असल्याचं सांगितलं आणि कुणीतरी येऊन बघेल म्हणाला. तिनं स्वयंपाक केला. भांडं ओट्यावर ठेवताना ती हलकेच ठेवत होती आणि तसं करतोय हे लक्षात आल्यावर स्वतःचीच तिला गंमत वाटली. अकराच्या सुमारास नळाचं पाणी गेलं. भिंगरीला सगळं सांगितलं होतं. ती फरशीला कान लावून पालथी पडली होती.

“काही ऐकू येतंय?” बापानं विचारलं.

“माझंच काळीज.”

सुतार गेला नव्हता. त्यानं तासलेलं दार परत बसवलं, दोनदा उघडून लावून दाखवलं, मग दाराशीच बसून राहिला. निघायच्या आधी म्हणून त्यानं ते पुन्हा लावून पाहिलं. दार अर्ध्यावर येऊन अडकलं. त्यानं वर बोट फिरवलं, मग त्या बोटाकडे बघितलं.

साडेअकराला ती पुन्हा वाकली. वाचताना तिच्या पापण्या भिंगाला लागत होत्या. या वेळी बाबांनी गणित लवकर केलं.

“दोन तासांत अकरा.”

नवरा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्यानं किल्ली घेतली आणि बस काढायला गेला.

आता खरी पंचाईत होती ती बाकीच्या अठरा घरांना सांगायची. ज्या माणसाची दोन वर्षं थट्टा केली त्याच्या शब्दावर लोक जेवणाच्या वेळी घर सोडतील, याची तिला खात्री नव्हती. तिनं स्वतः सोडलं नसतं. पहिल्याच दारात शिंप्यानं हसून सुरुवात केली, “काय, पेशंट…”

“तुमचं दार कुठे घासतं?” तिनं विचारलं.

तो गोंधळला. मागून सुतार म्हणाला,

“उताराच्या बाजूला. मीच तासलंय. यांचंही तिकडेच, त्यांचंही तिकडेच. आज सकाळी तासलेलं दुपारच्या आत परत घासलं. मी चाळीस वर्षं दारं बसवतोय, असं बघितलेलं नाही. चला.”

डोंगराचं ज्यांना पटलं नसतं त्यांना दाराचं पटलं. दाराला हात तर प्रत्येकानंच लावला होता. घरोघरी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिच्या पुढे भिंगरी शिट्टी वाजवत चालली होती. लोक निघाले. कुणी हातातल्या घासासकट, कुणी पाळण्यातलं मूल दुपट्यासकट उचलून.

अडल्या फक्त बाई. बाई म्हणजे आळीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. आळीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा मार खाल्ला होता. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत.

“कुणाच्या तरी म्हणण्यावरून मी घर सोडायची नाही. मोजणीदारांना म्हणावं, आकडा दाखवा.”

बाबा आले. वही पुढे केली. बाईंनी चष्मा चढवला, पेन्सिल मागितली आणि सावकाश, एकेका ओळीखाली रेघ मारत गणित तपासलं. बाहेर बसचं इंजिन चालू होतं. ती दारात उभी राहून नखं खात होती.

“हातचा विसरलात,” बाई म्हणाल्या. “पंच्याऐंशी नाही, पंच्याण्णव.”

बाबांनी बघितलं. “हो. विसरलो.”

“अकरा बरोबर आहेत.” बाईंनी पेन्सिल परत केली आणि काठी घेतली. “चला. उशीर कशाला करताय?”

बसच्या दोन खेपा झाल्या. पूल ओलांडून पलीकडच्या शाळेच्या मैदानात बासष्ट माणसं उतरली, आणि मग काहीच झालं नाही.

एक वाजला. दोन वाजले. डोंगर उन्हात निवांत होता. आळीची घरं नदीपलीकडून काड्यापेट्यांएवढी दिसत होती. मैदानात सावली थोडी, माणसं जास्त. आधी कुजबूज, मग हसणं, मग चिडचिड सुरू झाली. कुणाचं दूध बाहेर राहिलं होतं. इस्त्रीवाला म्हणाला, डॉक्टरांनी पेशंटऐवजी नातेवाइकांनाच दवाखान्यात आणून बसवलं. लोक हसले, आणि पाचसहा जण बसपाशी आले. तिचा नवरा बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता.

“बिघडली,” तो म्हणाला. गाडीला काही झालं नव्हतं हे तिला ठाऊक होतं. एरवी त्याला खोटं बोलता येत नसे. आता त्याचे कान लाल झाले होते, पण तो बाहेर आला नाही.

तिनं पिशवी उघडली. चार माणसांची तरतूद बासष्ट माणसांत वाटायची म्हणजे काय वाट्याला येणार? चिमूटभर दाणे, अर्धं बिस्किट, घोटभर पाणी. तरी प्रत्येकाच्या हातावर काहीतरी पडलं आणि तेवढ्या वेळात कुणी परत जायचं नाव काढलं नाही. पत्ते निघाले. बाईंच्या चष्म्याची काडी गडबडीत तुटली होती, तिनं बाबांचा जादा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, मागे दोऱ्यानं बांधला, आणि बाई म्हणाल्या, “मोजणीदारांना असं दिसतं होय? तरीच.”

सव्वातीनला पक्षी उडाले. एका झाडावरचे नाही, सगळ्या उतारावरचे, एकदम.

आवाज आधी आला नाही. झाडीच्या वरच्या भागात एक तांबडी रेघ उमटली आणि रुंद होत गेली. तिच्याखालचा सगळा डोंगर खाली यायला लागला. कोसळत नव्हता, येत होता. झाडं उभीच्या उभी येत होती, शेंडे किंचित मागे झुकवून. घरं येत होती. विजेच्या तारा सैल पडल्या, ताणल्या गेल्या, तुटल्या. आळीचा रस्ता वळवळला आणि पुन्हा सरळ झाला. हे सगळं इतक्या सावकाश, की तिला एकेक घर ओळखून नावं घेता आली असती. मग तो आवाज पायांतून वर आला, पोटात शिरला आणि शेवटी कानांपर्यंत पोचला. मैदानाच्या फाटकाची कडी आपोआप खणखणत राहिली. नाका, रस्ता, नळी, बसथांबा त्या येणाऱ्या जमिनीच्या पोटाखाली गेलं. नदीपासून शंभर पावलांवर ती थांबली, आणि धूळ आली.

बासष्ट माणसं तोंडं उघडी टाकून उभी होती. भिंगरीनं आईचा हात धरला होता, पण तिला भीती वाटत नव्हती. तिचा चेहरा उजळला होता, आणि ते बघून आईला कळलं की आपलाही चेहरा तसाच असणार. घर जात होतं आणि तरी डोळे हटत नव्हते.

धूळ बसायला वेळ लागला. मग एकेक घर दिसू लागलं. सात घरं आडवी झाली होती. काही कलली होती. त्यांचं घर उभं होतं, चाळीसेक मीटर खाली, जरासं वळलेलं; आतापर्यंत त्याचं तोंड आळीच्या रस्त्याकडे होतं, आता थोडं नदीकडे झालं होतं. गच्चीवर सकाळी वाळत घातलेली चादर तशीच दोरीवर होती आणि वाऱ्यानं हलत होती.

बाई उभ्या राहिल्या आणि काठीनं दाखवत माणसं मोजू लागल्या. एक, दोन, तीन. पटावरची हजेरी घ्यावी तशी. बासष्टावर पोचल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. इस्त्रीवाला बाबांजवळ आला. त्यांच्या शेजारी उभा राहिला.

बाबांनी चष्मा हातात घेतला होता.

“दिसलं का हो तुम्हाला?” तिनं विचारलं.

“दिसलं,” ते म्हणाले. “एवढं मोठं होतं, चष्म्याशिवायसुद्धा दिसलं.”

सगळ्यांनी ती रात्र शाळेच्या वर्गांत काढली. सकाळी सात वाजता एक अभियंता आला, चिखलानं माखलेला, डोळे तारवटलेले. तुटलेल्या कडेच्या वर, डाव्या अंगाला, वरची आळी होती. चाळीस घरं. तिथले लोक पहाटेपासून रस्त्यावर उभे होते. त्यांना खाली आणायला वाट उरली नव्हती. आणायचंच झालं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याच तुटलेल्या कडेवरून आणावं लागणार होतं. आणावं की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

“काल मोजलं कुणी?”

बाबा वर्गातल्या बाकावर आडवे होते. रक्तदाब चढला होता आणि त्यांना उठायची बंदी होती. त्यांनी तिच्याकडे बोट केलं.

“आकडे हिनं वाचले. मी नुसतं गणित केलं, आणि तेही चुकलो.”

“बाबा, मी चष्मे करते,” ती म्हणाली.

“मग? ते काय डोळे मिटून करतेस?” त्यांनी काल बसमधून आणलेल्या यंत्राच्या पेटीकडे मान वळवली. “दोनदा वाच. मध्ये दोन तास. कुणी कितीही घाई केली तरी दोन तास.”

ती गेली. नवऱ्यानं पेटी खांद्यावर घेतली आणि अभियंत्यानं दाखवलेल्या, म्हाताऱ्यांना न झेपणाऱ्या, डोंगराच्या पाठच्या उभ्या पायवाटेनं तिघं चढले. चढायलाच तासभर लागला. वरच्या आळीत माणसं घरांसमोर रांगेनं उभी होती आणि ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं घेतलं होतं. एकाच्या काखोटीला भिंतीवरचं घड्याळ. एका बाईच्या हातात टेबलाचा खण, आतल्या चमच्यांसकट. एका जोडप्यानं गादी धरली होती, दोन टोकांना दोघं. तिला बघून ते बाजूला झाले. डॉक्टरला वाट देतात तशी वाट त्यांनी तिला दिली.

एका गच्चीवर यंत्र उभं केलं. इथे पितळेचा खिळा नव्हता. अभियंत्यानं छिन्नीनं फुली कोरली. घंटाघराची सळई, तिथून चिमणी. तिनं तीनदा वाचलं आणि आकडा वहीत बाबांच्या आकड्यांखाली लिहिला. मग ती थांबली.

घरची बाई वर येऊन तिच्याशेजारी बसली. लेकुरवाळी होती, मूल खांद्यावर झोपलं होतं.

“पिशवी भरायची असते म्हणतात. काय काय भरायचं असतं हो?”

“पाणी आधी,” ती म्हणाली, आणि मग एकेक करून सांगत गेली. गोळ्या, विजेरी, सेल वेगळे, शिट्टी. आपल्याला सगळं क्रमानं पाठ आहे हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं. बाई मान हलवत ऐकत होती. खाली रस्त्यावर कुणी बसलं नव्हतं. गादीवाल्यांनी गादी खाली टेकवली नव्हती.

दोन तास झाले. ती वाकली. सळई, चिमणी. वाचलं. यंत्र फिरवून परत आणलं, पुन्हा वाचलं. तिला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. दूर होऊन डोळे पुसले आणि तिसऱ्यांदा वाचलं.

एक रेघही इकडची तिकडे झाली नव्हती.

“काय आलं?” खालून कुणीतरी विचारलं.

“तेच,” ती कठड्याशी येऊन म्हणाली.

“म्हणजे?”

“हललं नाही. काही झालेलं नाही.”

हे तिला साध्या आवाजात सांगायचं होतं. ते तसं आलं नाही. खालच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. गादीवाल्यांनी गादी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. घड्याळवाला आधी आत गेला. मग खणवाली, मग बाकीचे. अभियंता फुलीभोवती रंगानं गोल काढत होता; रोज मोजायला माणूस ठेवतो म्हणाला.

यंत्र उतरवायला हवं होतं. ती तशीच उभी राहिली. पायांखाली गच्ची होती, गच्चीखाली खोल्या, खोल्यांखाली जमीन. चाळीस घरं, त्यांतली कपाटं, पलंग, माणसं, सगळा बोजा अंगावर घेऊन ती जमीन जागच्या जागी होती. कालही होती, सगळं चाललं होतं तेव्हा. कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. कुणी नळ सोडला.

“ताई, चहा निवतोय,” जिन्यातून हाक आली.

“आले,” ती म्हणाली, आणि आणखी एकदा बघून घ्यावं म्हणून भिंगाशी वाकली.